वय किती लावू?

आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सावडणं उरकलं आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत निघाले. मीही बरोबर गेले. फॉर्म भरणाऱ्या मुलाने नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, घरी वारल्या की दवाखान्यात ते विचारलं, आणि मग पेन कागदावर टेकवून म्हणाला, "वय किती लावू?" अण्णांनी आजीचं आधार कार्ड पुढे केलं. त्यावर १ जानेवारी १९४१. मुलाने मनाशी हिशेब केला, ८४ लिहिलं, सही घेतली. पाच मिनिटांचं काम. तो मुलगा अदबीने वागला, अण्णांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तरीही ते ८४ मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं, आणि नंतर कितीतरी दिवस.

घरी सोप्यात बायका बसल्या होत्या. थोरल्या आत्याच्या कानावर आकडा पडला आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनीच ती उसळली. "चौऱ्याऐंशी? माझ्या दाखल्यावर एक्कावन्न साल हाय. म्हंजे आय धा वर्साची असताना मी झाले व्हय?" चुलते म्हणाले, नव्वद तरी असेलच. शेजारची म्हातारी म्हणाली, तुमची आय माझ्याहून थोरली, आन् मलाच शंभराला दोन-चार कमी असत्याल. अण्णा गप्प होते. त्यांना कागद हवा होता, तो मिळाला होता.

आमच्या माण तालुक्यात म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा दोनच. शाळेचं तोंड पाहिलेल्यांची १ जून, न पाहिलेल्यांची १ जानेवारी. आधार कार्ड काढायला गावात माणसं आली तेव्हा आजीलाही जन्म कधीचा म्हणून विचारलं होतं. तिने सरळ उत्तर दिलं होतं, "वडूजला गोळीबार झाला तवा मी शेरडं वळायची." तिच्या दृष्टीने याहून नेमकं सांगण्यासारखं काही नव्हतं. संगणकाला तारीख लागत होती, ती कोणीतरी अंदाजाने घातली. पुढे त्याच कार्डावर तिला एसटीचं अर्धं तिकीट मिळालं, २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला तेव्हा तेही मिळालं, आणि ती म्हसवडच्या सिद्धनाथाला आणि शिखर शिंगणापूरला मनाला येईल तेव्हा जाऊन येऊ लागली. कार्ड कमरेच्या पिशवीत, तंबाखू आणि चुन्याच्या डबीशेजारी. त्यावर काय लिहिलंय हे तिने कधी कुणाला वाचायला लावलं नाही.

दहाव्यापर्यंत पाहुणे घरात होते. एका रात्री सगळे अंगणात बसलो असताना मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आजीची सालं मांडायला घेतली. आत्या, चुलते, अण्णा सांगत गेले. आई आत भांडी घासत होती.

सुरुवात अण्णांपासून केली, कारण तिथे सगळ्यांचं एकमत होतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा पोटात होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. हे मिनिट पुस्तकातलं, पण आजीच्या सांगण्याशी जुळणारं, कारण त्या वेळी ती दळत होती. पोट पुढे आलेलं, म्हणून एक पाय लांब करून जात्याला तिरकी बसलेली. शेजारी बाजरीचं सूप, कोनाड्यात चिमणी. आधी तिला वाटलं, आपल्यालाच घेरी आली. तिने खुंटा सोडला. हात मांडीवर ठेवला तरी जात्याची वरची तळी आपली आपण करकरत होती, आणि पीठ सांडत होतं. हे ती सांगायची तेव्हा तळहात जमिनीला लावून दाखवायची, किती हललं ते. मग मागच्या भिंतीची उतरंड कोसळली. मिठाचं, डाळीचं, चिंचेचं मडकं, सगळं एकात एक. दुसऱ्या दिवशी कळलं की तिकडे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं झोपेत गेली. आमच्या घराची एक भिंत फुगली तेवढंच. ती फुगलेली भिंत मी लहानपणी पाहिली आहे. आजी तिच्यावरून पोतेरं फिरवताना त्या फुगवट्यापाशी हात हलका करायची.

जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्याने यायच्या. कुणी म्हण म्हटलं की एकही यायची नाही. हात फिरायला लागल्याशिवाय तोंड उघडत नव्हतं. गावात गिरणी आली, आणि पुढे घरातलं दळण सगळं तिकडेच जायला लागलं, तेव्हा ओव्याही हळूहळू गेल्या. फक्त हुलगे भरडायचे असले की जातं निघायचं. हुलगे आधी तव्यावर खरपूस भाजायचे, इतके की घरभर तो कडसर, मातकट वास सुटायचा. मग भरडून, पाखडून, पुन्हा दळून पीठ. उकळत्या आधणात ठेचलेला लसूण, मीठ, आणि पाण्यात कालवलेलं पीठ धार धरून सोडायचं. हात थांबला की गुठळी. हे माडगं. थंडीच्या सकाळी पितळीतून फुंकर मारत प्यायचं. मी पुण्यात केलं, अनेकदा केलं, चव बरी लागते. पण तो भाजण्याचा वास शेजारच्यांना जळका वाटतो, म्हणून खिडक्या लावून करावं लागतं आणि सगळा रस जातो.

अण्णांच्या मागे गेलो तशी सालं अंधुक होत गेली.

वडूजचं सगळ्यांना ठाऊक. ९ सप्टेंबर १९४२, तहसील कचेरीवर तिरंगा लावायला निघालेला मोर्चा, आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण गोळीबारात पडले. आजीचं माहेर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिचे वडील मोर्चात होते. ते शूर होते, पुढे होते, असं तिने कधी सांगितलं नाही. तिच्या आठवणीत एवढंच होतं की त्या संध्याकाळी तिच्या आईने चूल पेटवली नाही, आणि बाप अंधार पडल्यावर बोडक्या डोक्याने आला. पटका नव्हता. आमच्याकडे तेव्हा पुरुष बोडक्याने उंबरा ओलांडत नसे. तो आला, घागरीतून ओंजळीने पाणी प्याला, भिंतीला टेकून बसला आणि कुणी पटक्याचं विचारलं नाही. शेरडं वळायला एकटं पाठवण्याइतकी पोर म्हणजे आठ, नऊ, फार तर दहा वर्षांची. मी पत्रिकेवर लिहिलं, जन्म १९३२ ते ३४.

पुढची खूण १९४८. गांधीजींना मारलं त्या साली ती नांदायला आली. लग्न आधीच झालेलं, पाठवणी तेव्हाची. सातारा जिल्ह्यात तेव्हा गावोगावी ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात तिच्या नव्या गावातला एक वाडाही होता. ती सांगायची, वाड्यातलं धान्याचं पेव कितीतरी दिवस धुमसत होतं, आणि जळक्या ज्वारीला गुळासारखा गोड वास येत होता. सासरच्या गावाची तिची पहिली आठवण ही. त्या वाड्यातल्या बाई परत आल्या नाहीत. आजी त्या जागेवरून जाताना पदर पुढे ओढायची. वाडा पडून तिथे बाभळी उगवल्या तरी ओढायची.

आत्याचं एक्कावन्न, अण्णांचं अडुसष्ट. मध्ये चुलते आणि धाकटी आत्या. मी सालं एकाखाली एक लिहिली आणि चुलत्यांना म्हटलं, आत्या आणि तुमच्यामध्ये एवढं अंतर कसं? त्या काळात पाठोपाठ व्हायची ना?

आत्या म्हणाली, "तितं मधला हाय."

आजीला किती मुलं, असं कुणी विचारलं की ती सात म्हणायची. आम्ही चार म्हणायचो. एक मुलगी बारशाआधीच गेली, एक जन्मतःच हललं नाही, आणि मधला तीन वर्षांचा होऊन गोवरात गेला. त्याचं नाव आजीने आमच्यासमोर कधी घेतलं नाही, "माझा मधला" एवढंच. पण तिच्या बोलण्यात तो सारखा असायचा, सालाच्या जागी असायचा. "मधला गेला त्या सुगीला हिरीला पाणी लागलं." "मधला रांगत व्हता तवा तुझा आजा पयल्यांदा मंबईला गेला." सर्वपित्री अमावास्येला पितरांच्या ताटाशेजारी ती एक लहान पान मांडायची. त्यावर खीर आणि गुळाचा खडा. भाजी नाही, वडा नाही. तीन वर्षांच्या पोराला तिखट कशाला, असा तो विचार. लहानपणी मला त्या पानावरच्या गुळाचा मोह व्हायचा, आणि ते पान गाईला गेल्याशिवाय आजी तिथून हलायची नाही.

त्याच्या जन्माची नोंद कुठेच नाही, मृत्यूचीही नाही. तो होऊन गेला हे आजीला ठाऊक होतं आणि तिच्यामुळे आत्याला. आता आत्याच्या मागे कुणाला असेल? मी पत्रिकेवर आत्या आणि चुलते यांच्यामध्ये एक ओळ घातली. साल कुणालाच येईना. नुसतं 'मधला' लिहिलं.

आजोबा मुंबईत गिरणीत साच्यावर होते. लालबागला गावच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, आणि महिन्याची मनीऑर्डर यायची. त्यांच्याबद्दल आजी कमी बोलायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि काही महिन्यांनी आजोबा एक पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. सगळं लग्न मनीऑर्डरीवर झालेलं, एकत्र राहणं तेव्हा सुरू झालं. आत्या म्हणते, पहिलं वर्षभर आजी घरातसुद्धा त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, पाहुणा आल्यासारखी वागायची. मग हळूहळू भांडायला लागली.

पण तिच्या बोलण्याचा खांब म्हणजे बहात्तर. आमच्याकडे नुसतं बहात्तर म्हटलं की पुरतं. महाबळेश्वरला ज्या ढगांचा पाऊस मोजता मोजता थकतात ते ढग आमच्यापर्यंत येतात रिकामे. जिल्हा एकच, सातारा. तिथे सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, इथे पाचशेसुद्धा भाग्याने. त्यात बहात्तरला तेही नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यातली एक आजी. ती खडी फोडायला जायची, अण्णांना पाठीशी बांधायचं वय उलटून गेलेलं, म्हणून ते शेजारी चिंध्यांच्या सावलीत बसवलेले. डाव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळायची, दगड पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा आणि उजव्या हाताने घण. ढिगाचं माप घेऊन मजुरी. एकदा कपची उडून तिच्या डाव्या भुवईवर बसली. ती खूण शेवटपर्यंत होती, भुवई तिथे दोन तुकड्यांची झालेली. मी तिच्या कुशीत झोपायचे तेव्हा अंधारात त्या खाचेवरून बोट फिरवायची माझी सवय होती, आणि ती झोपेत "निज की गं" म्हणून हात झटकायची.

रेशनवर मिलो मिळायची, लाल ज्वारी, परदेशातून आलेली. तिच्या पिठाला चिकटपणाच नाही. भाकरी थापता थापता चिरायची, तव्यावर टाकताना हातात तुकडे यायचे. आजीने उकळत्या पाण्यात पीठ मळून पाहिलं, मग ती जरा धरायला लागली. आळीतल्या बायकांना तिने ते दाखवलं. आयुष्यात केलेल्या कुठल्या गोष्टीचा तिला अभिमान असेल, तर तो मिलोच्या भाकरीचा. आणि सुकडी. पोरांना वाटायची ती सुकडी अण्णांना अजून आवडते. कधीतरी आईला म्हणतात, तशी कर. आई म्हणते, मी दुष्काळात नव्हते, मला तशी येत नाही.

आईचं इथे लिहायलाच हवं. आजी माझ्यासाठी जी होती ती आईसाठी नव्हती. ती चांगली सासू नव्हती. माझ्या वेळी आई सात महिन्यांची असताना आडावरून घागरी आणायची, आणि कुणी काही म्हटलं तर आजीचं उत्तर ठरलेलं, "म्या काय पोटुशी असताना दळलं न्हाई? भूकंपात जात्यावर व्हते मी." किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, त्याच महिन्यात मी झाले, दुसरी मुलगी. आजीने पाचवी पुजेपर्यंत माझं तोंड पाहिलं नाही, असं आई सांगते, आणि आई खोटं बोलत नाही. भोगलेलं माणूस मऊ होतंच असं काही नाही. आपण जे सोसलं ते पुढच्या बाईनेही सोसावं, त्यात काय एवढं, असं आजीला खरोखर वाटत होतं. दुधाची साय चुलतभावांच्या पितळीत जायची. आणि तीच आजी, मी बारावी झाल्यावर साताऱ्याला वसतिगृहात राहायचं निघालं, घरात सगळे नको म्हणत होते, तेव्हा दारातला बोकड विकून आली आणि पैसे माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा. इतं काय हाय?" या दोघी बाया मला कधी एका माणसात बसवता आल्या नाहीत. मी आता तो प्रयत्नही करत नाही. माझी आजी ती होती आणि आईची सासूही तीच होती.

त्या रात्री अंगणात शेवटी आकडा आला तो एक्क्याण्णव ते त्र्याण्णव. आत्याला नव्वदीपार आईचं समाधान वाटलं. चुलत्यांनी विचारलं, दाखल्यावर दुरुस्ती करून घ्यायची का? अण्णा म्हणाले, कागद फिरवत बसायला नको. मला वाटतं, करावी. अजून सांगते आहे त्यांना. सात ते नऊ वर्षं आहेत ती, आणि त्या वर्षांमुळेच वडूजचा मोर्चा तिच्या आठवणीत येतो, बोडक्या डोक्याने आलेला बाप येतो. ८४ धरलं तर शेरडांमागची ती पोर उरतच नाही.

आजीचा मला सगळ्यात आवडलेला काळ मात्र तिच्या म्हातारपणातला आहे. २०१३ चा उन्हाळा. पुन्हा दुष्काळ, टँकर, माळावर जनावरांच्या छावण्या. आमच्याकडे एकच खिलार गाय उरली होती. अण्णा तिला बाजार दाखवायचं म्हणत होते. आजीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाकळ, तवा, पिठाचं गाठोडं आणि गाय घेऊन ती छावणीत निघून गेली. ऐंशीच्या घरातली बाई. अण्णा मागोमाग गेले, समजावलं, परत आले. मी सुट्टीत भेटायला गेले तेव्हा ती उसाच्या पाचटाच्या सावलीत बसली होती. चहूकडे शेकडो जनावरं, शेणामुताचा आणि तोडलेल्या उसाच्या वाड्याचा आंबूस गोड वास, दावणीला घंटा, टँकर आला की पळापळ. आणि आजी इतकी खुशीत मी कधीच पाहिली नव्हती. आजूबाजूच्या दहा गावांतल्या म्हाताऱ्या तिच्याभोवती. तीन दगडांच्या चुलीवर तिने मला भाकरी करून वाढली, ठेचा वाढला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो काय दुष्काळ हाय व्हय? बसल्या जागी चारा येतोय." मग बहात्तर सुरू झालं. ऐकणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी त्यानंतर जन्मलेल्या. त्या तोंडात पदर धरून ऐकत होत्या. घरात तिचं कुणी एवढं ऐकत नव्हतं. आम्ही प्रत्येकाने ते बहात्तर इतक्यांदा ऐकलेलं होतं की तिने तोंड उघडलं की आम्ही उठायचो.

मृगाचा पाऊस लागल्यावर ती गाईमागे चालत घरी आली. गाय गाभण होती. पुढे तिला कालवड झाली. जुनी गाय गेली, ती कालवड अजून दारात आहे. दहाव्याला चुलत्यांनी विषय काढला, की आता म्हातारी नाही, अण्णांची कंबर धरते, वहिनी एकटी किती करणार, एक गिऱ्हाईक आहे, चांगली किंमत देतोय. अण्णा हो म्हणायच्या बेतात होते. आई आतून हात पुसत बाहेर आली. इतक्या दिवसांत ती पुरुषांच्या बोलण्यात पडली नव्हती.

"आत्यांची गाय हाय ती," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "छावणीवरनं आल्यावर दिवाळीच्या तोंडाला झालेली. आता तिला बारावं सरंल. दोन वेतं तरी अजून व्हतील. गिऱ्हाइकाला सांगा, न्हाई म्हणून."